दोन टाक्यांची गाडी

आमच्या तात्यांच्या जुन्या पेट्रोलवरच्या पिकअपला टाक्या दोन आणि सल्लागार बावीस. वाशी मार्केटच्या पेट्या भरून निघालेली ती हातखंब्याच्या अलीकडे बसली. मे महिन्याचं ऊन, मागे हापूस पिकायच्या घाईत. कोणी म्हणे पंप गेला, कोणी म्हणे कार्बोरेटर. रत्नागिरीत दुसऱ्याच्या गाडीचं निदान फुकट असतं, बरं का!

मिस्त्री आला. त्याने काही खोललं नाही. नुसता कॉक दुसऱ्या टाकीकडे फिरवला. गाडी सुरू!

"तात्या, पंप नि कार्बोरेटर दोन्ही टाक्यांना एकच. म्हणजे दोष कॉकच्या मागे, पहिल्या टाकीकडे."

पण पेट्रोल होतं बहुतेक पहिलीतच. त्याने तिचं झाकण फिरवलं, तशी टाकीने फुस्सकन् श्वास घेतला. पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती येणार कुठून? हवेच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं! गाडी पावसाळाभर पडवीत उभी होती ना.

मिस्त्रीने तारेने घर पाडलं. तात्या, ज्यांचा माडीवरचा भाडेकरू अकरा वर्षं हलत नाही, हळूच म्हणाले, "अरे, तुझी ती तार जरा ठेवून जा."