राजीनामा आणि स्थगिती

मराठेशाहीतील निवाड्यांची कागदपत्रे वर्गात वाचताना 'राजीनामा' या शब्दापाशी विद्यार्थी हमखास अडखळतात. पदत्याग हा अर्थ पुढचा. त्या कागदांत राजीनामा म्हणजे पंचांचा निर्णय आम्हांस मान्य राहील, असे वादी-प्रतिवादींनी आधीच लिहून दिलेले संमतिपत्र. निकालानंतर हरलेला पक्ष यजितखत लिहून देई.

असाच एक तास संपल्यावर कळमनुरी तालुक्यातला एक विद्यार्थी वडिलांचे कागद घेऊन आमच्याकडे आला. महामार्गात शेत गेलेले. लवादाने मोबदला वाढवून दिला. दुसऱ्या पक्षाने त्यास जिल्हा न्यायालयात आव्हान दिले. अर्ज पडला म्हणजे निवाडा थांबला, अशी घरच्यांची समजूत झाली होती. आम्ही दोघे मराठीचे, कायद्याचे नव्हे. पण ओळ न् ओळ वाचण्याची सवय कामी आली.

१९९६ च्या लवाद कायद्यात कलम ३४ आव्हानाचे, तर कलम ३६ अंमलबजावणीचे. पूर्वी आव्हान दाखल होताच निवाडा आपोआप गोठत असे. २३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने स्थगितीसाठी स्वतंत्र अर्ज आवश्यक ठरविला; रक्कम जमा करण्यासारख्या अटीही न्यायालय घालू शकते. २०१९ मध्ये कलम ८७ आणून जुन्या प्रकरणांपुरती ती आपोआपची स्थगिती परतविण्यात आली. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये स्थापिलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०१९ रोजी ते कलम रद्द केले. स्थगिती मागणारे सरकार असले तरी त्यास निराळी सवलत नाही, हेही न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले होते.

घरच्यांजवळचा कागद स्थगितीचा आदेश नव्हताच. ती केवळ आव्हानाची नोटीस होती. वडिलांनी वकिलांमार्फत अंमलबजावणीचा अर्ज दिला. पुढे स्थगिती मिळाली, पण रक्कम न्यायालयात जमा करण्याच्या अटीवर.

आम्हांस समाधान वाटले. वडिलांस मात्र नाही. आपल्या प्रकरणात लवाद कोणी नेमला, असे त्यांनी विचारले. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ अन्वये ती नेमणूक केंद्र सरकार करते, असे आम्ही सांगितले. वर्गातल्या राजीनाम्याची गोष्ट मुलाकडून त्यांनी ऐकलेली असावी. ते म्हणाले, "सर, मंग पंच मान्य म्हणून आमची सही कुठं हाय?"

आम्ही सारे कागद पुन्हा चाळले. तशी सही त्यांत नव्हती.