ताई, ते दुसरं टोक धर

प्रिय बेबीस,


पन्नाशी उलटलेल्या बाईला बेबी म्हणणं शोभत नाही, हे मला कळतं. पण बारशाच्या नावाने हाक मारली की तू लगेच विचारतेस, "आता काय चुकलं माझं?" म्हणून बेबीच. हे सगळं फोनवर बोलले असते तर तू हसून उडवून लावलं असतंस, आणि मीही दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला असता. छापून आलेलं फिरवता येत नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय.

माझी विठ्ठलवाडी ते तुझं बदलापूर. मधे उल्हासनगर आणि अंबरनाथ, दोनच स्टेशनं. (चिखलोली होणार होणार म्हणतात, ते धरलं तर तीन.) गाडी वेळेवर असली तर वीसेक मिनिटं. एवढं अंतर कापायला आपल्याला नऊ वर्षं लागली.

भांडणांची सुरुवात रेडिओपासून झाली. बाबा अंबरनाथच्या विम्को काडेपेटी कारखान्यात, त्यामुळे घरात काड्यापेट्यांना तोटा नव्हता आणि भांडण पेटायलाही वेळ लागत नसे. मी लतादीदींची, तू आशाबाईंची. तुझा हुकमी एक्का म्हणजे 'नया दौर' आणि ओ. पी. नय्यर, त्यांनी दीदींचा आवाज कधी घेतलाच नाही, हे तू इतक्या ऐटीत सांगायचीस की जणू त्यांनी तुला विचारून ठरवलं होतं. पुढे मी 1989 चा फाळके पुरस्कार काढून तुझं तोंड बंद केलं. 2000 चा फाळके आशाबाईंना मिळाला तेव्हा या घराचं दार तुला बंद होतं, नाहीतर तू पेढे घेऊन आली असतीस. 'उत्सव'मधलं दोघींचं गाणं लागलं की बाबा आवाज वाढवायचे आणि विचारायचे, "आता सांगा, कोण सरस?" तेवढ्यापुरत्या आपण दोघी गप्प.

"जरा ताईकडून शिक," हे तू जन्मभर ऐकलंस. तू झोपल्यावर आई मला काय म्हणायची, ते तुला माहीत नाही. "बेबीसारखं जरा हसून बोलावं गं माणसाशी." मी पहाटेची गाडी पकडणारी, पगारातला रुपया न रुपया वहीत लिहिणारी. तू उधारीवर बांगड्या घेणारी आणि बांगडीवाल्यालाच चहा पाजणारी. तुझा राग यायचा तो याचाच, की तुला ते जमायचं.

दीदी सांगत, लहानपणी त्या आशाला कडेवर घेऊन शाळेत गेल्या. मास्तरांनी पोर आणायला मनाई केली, तर त्यांनी शाळाच सोडली. ही गोष्ट मी तुला शंभरदा ऐकवली असेन, कारण मीही तुला कडेवर घेऊन शाळेच्या पायरीवर बसायची. एकदा तू फणकाऱ्याने म्हणालीस, "कडेवरच्या पोरीला कुणी विचारलं का, तिला कुठं जायचंय?" तेव्हा मी तुला उर्मट म्हटलं होतं. शब्द मागे घेते.

1996 मध्ये तू उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी मुलाशी लग्न केलंस. दार बाबांनी लावलं हे खरं, पण आतून कडी मी घातली. आशाबाईंनी सोळाव्या वर्षी गणपतराव भोसल्यांशी लग्न केलं, तेही दीदींच्याच सचिवांशी, तेव्हा त्या घरातही असंच झालं होतं. पण 1960 च्या सुमारास दोन मुलांना घेऊन आणि तिसरं पोटात असताना त्या परत आल्या, तेव्हा त्यांना यायला माहेर होतं. तुझं माहेर मी कागदावर काढून घेतलं.

बाबांच्या मागे तू यायला लागली होतीस. आई गेली आणि वर्षभरात, 2010 मध्ये, मी हक्कसोडपत्र करून आणलं. खोलीचे हप्ते मी फेडले होते, आईचं दुखणं मी काढलं होतं, सगळं वहीत होतं. तू निबंधक कार्यालयात आलीस. "पेन कुणाकडे आहे?" एवढंच विचारलंस. सही केलीस, अंगठा टेकवलास, माझं पेन मला परत दिलंस आणि रिक्षात बसलीस. तू भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

मग ती 26 जुलै 2019 ची रात्र. उल्हास नदी फुगली, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढले. सगळा देश टीव्हीवर ती गाडी बघत होता आणि मी खालच्या पट्टीत बदलापूर शोधत होते. तुझं घर तळमजल्यावर, नदीच्या अंगाला. गाड्या सुरू झाल्या तशी पोळ्यांचा डबा आणि जुन्या साड्यांचं बोचकं घेऊन निघाले. वाटेत काय बोलायचं ते तीनदा मनात जुळवलं. तू दारात फुगलेली गादी ओढत होतीस. मला बघितलंस आणि म्हणालीस, "ताई, ते दुसरं टोक धर."

नऊ वर्षांनंतरचं तुझं पहिलं वाक्य. मी जुळवलेलं सगळं तसंच राहिलं, आजपर्यंत.

6 फेब्रुवारी 2022, रविवार. दीदी गेल्याची बातमी आली आणि तासाभरात तू विठ्ठलवाडीला हजर. आशाबाईंची बाजू घेणारी तू, माझ्याहून जास्त रडलीस. शिवाजी पार्क टीव्हीवर दिसत होतं. मी तुला गुलजारांची उपमा सांगितली, की या दोघी म्हणजे आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन. चंद्रावर दोघेही गेले, फक्त पाऊल एकाचं आधी पडलं. तू नाक पुसत म्हणालीस, "पण यान एकच होतं ना?"

प्रभुकुंजमध्ये त्या दोघींची घरं शेजारी शेजारी होती आणि मधे दार होतं. आपल्याला तेवढी ऐपत नाही. आपल्याकडे ही एक खोली आहे, त्यातली अर्धी मी तुझ्या नावावर करतेय. केलेलं हक्कसोडपत्र नुसतं फाडून टाकता येत नाही, म्हणून बक्षीसपत्र करायचं. गंमत बघ, नवऱ्याला किंवा मुलांना राहतं घर द्यायचं तर मुद्रांक 200 रुपयांचा. बहिणीला द्यायचं तर टक्केवारीने. तो खर्च माझा. त्यावर भांडायचं असेल तर इथे येऊन भांड.

आणि हे तुझ्या गादीपायी किंवा दयेपोटी नाही. वहीत तुझ्या नावावर काहीच लिहिलेलं नव्हतं, एवढ्यासाठी.

मंगळवारी रजा टाकलीय. अकरापर्यंत पोच. येताना आधार कार्ड, पॅन कार्ड आणि दोन फोटो आण. पेन मी आणते.

तुझी,
ताई