पडद्यावरची मुलाखत

फौजदारी खटल्यात आरोपीची बाजू मांडणे, म्हणजेच बचावपक्षाची वकिली, ही दिवाणी कामापेक्षा एका मूलभूत बाबतीत निराळी असते. येथे पक्षकार पुष्कळदा कोठडीत असतो आणि वकील हाच त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला भरवशाचा दुवा असतो. अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २२(१) ने दिला आहे, आणि हा सल्ला तिसऱ्या कुणाच्या कानावर पडणार नाही, हे त्यात अध्याहृत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि कारागृहांतील मुलाखती, म्हणजे नातेवाईक व वकील यांच्या प्रत्यक्ष भेटी, थांबल्या, तेव्हा हा अधिकार कागदावर शाबूत राहिला. तो बजावायची जागा मात्र उरली नाही. प्रस्तुत लेखक त्या काळात मुंबई व परिसरातील सत्र न्यायालयांत बचावाचे काम करीत असल्याने पुढील विवेचनाला त्या दिवसांच्या अनुभवाचा आधार आहे.

जामिनाचे काम तुलनेने लवकर मार्गी लागले. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी कारागृहांतील गर्दीची स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्याचा आदेश दिला, आणि महाराष्ट्रातील समितीने आधी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे व मे महिन्यात त्यापुढचे काही गुन्हे तात्पुरत्या जामिनासाठी विचारात घेतले; मोक्का, यूएपीए यांसारखे विशेष कायदे वगळले गेले. निकड उघड होती, कारण ८०४ कैद्यांसाठी बांधलेल्या आर्थर रोड कारागृहात त्याच्या कितीतरी पट माणसे होती आणि मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात तेथील ७० हून अधिक कैदी बाधित आढळले. अर्ज ईमेलने जात होते, सुनावणी घरच्या टेबलावरून होत होती, काळ्या कोटाची सक्तीही सर्वोच्च न्यायालयाने शिथिल केली होती. अडत होते ते वकालतनाम्यापाशी. वकालतनामा हे पक्षकाराने वकिलाला दिलेले अधिकारपत्र. बंदिवान आरोपीच्या बाबतीत त्यावर त्याची सही किंवा अंगठा आणि तुरुंगाधिकाऱ्याचा साक्षांकनाचा शिक्का लागतो. तो कागद आत जाऊन बाहेर यायला आठवडा लागला, तर तेवढा आठवडा आरोपी गर्दीच्या बराकीत काढत असे.

याच काळातील एका निर्णयाचा येथे आवर्जून उल्लेख करायला हवा. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७(२) नुसार पोलिसांनी गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क आपोआप मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने दावे व अपिलांच्या मुदती साथीमुळे वाढवल्या होत्या, आणि तीच सवलत तपासालाही लागू होते, असे सरकारपक्ष सांगू लागला. १९ जून २०२० रोजी एस. कासी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. वकील घरात अडकला असताना पोलिसांचा काळ थांबावा आणि आरोपीचा मात्र कोठडीत सरत राहावा, हे न्यायाला धरून झाले नसते.

खरी हानी झाली ती मुलाखतीची. प्रत्यक्ष भेटीऐवजी दूरध्वनी व दृक्‌श्राव्य संपर्काची सोय झाली, पण त्या सोयीचे स्वरूप असे होते: आरोपी पडद्यासमोर उभा, त्याच्या खांद्यामागे शिपाई, आणि शिपायामागे आपली पाळी येण्याची वाट पाहणारे चार-पाच बंदी. एका जबरी चोरीच्या प्रकरणातील विशीतला आरोपी अशा तीन संभाषणांत प्रत्येक प्रश्नाला ‘हो साहेब’, ‘ठीक आहे साहेब’ एवढेच म्हणत राहिला, आणि त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही, अशी वकिलाची समजूत झाली. काही महिन्यांनी मुलाखती सुरू झाल्यावर जाळीपलीकडून त्याने हळू आवाजात सांगितले, की त्या रांगेत त्याचा सहआरोपी उभा असे, दोघांची बराकही एकच होती, आणि घटनेच्या रात्री हा मुलगा दुसऱ्या उपनगरातील एका गोदामात रात्रपाळीवर होता. गोदामाच्या दारावर कॅमेरा होता. पण अशा यंत्रांत जुन्या चित्रणावर काही आठवड्यांनी नवे चित्रण चढते, आणि तसे ते केव्हाच चढलेले होते. हजेरीपट मिळाला, तथापि हजेरीपटावरील सहीबाबत जेवढ्या शंका काढता येतात, तेवढ्या चेहऱ्याच्या चित्रणाबाबत काढता येत नाहीत. या चुकीचा वाटा वकिलाकडेही जातो, कारण पक्षकाराचे मौन कुणाच्या उपस्थितीमुळे आहे, हे त्याने पहिल्याच संभाषणात ओळखायला हवे होते.

साक्षीपुराव्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पडद्यावरून साक्ष नोंदवणे ही साथीची देणगी नव्हे; महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात २००३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष अशा रीतीने घेण्यास मान्यता देऊन ‘आरोपीच्या उपस्थितीत’ या शब्दांचा अर्थ विस्तारला होता. तरीही त्याच न्यायालयाच्या ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय पडद्यावरून पुरावा नोंदवू नये असे बजावले, आणि हे बंधन किती शहाणपणाचे होते, हे उलटतपासणी, म्हणजे विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला विचारायचे प्रश्न, करून पाहिलेल्या प्रत्येकाला पटते. न्यायालयात पंचनामा पंचाच्या हाती दिला, की तो आधी मजकूर वाचतो की थेट स्वतःची सही शोधतो, यावरूनच पुढचा प्रश्न ठरतो. मोबाइलच्या पडद्यावर तो कागद दिसतच नाही, आणि साक्षीदाराची नजर वारंवार एका बाजूला का वळते, हे विचारावे तर ‘आवाज तुटतोय’ हे उत्तर तयार असते.

जामीन झाला तरी सुटका पुन्हा कागदावर येऊन थांबे. सुनावणी पडद्यावर झाली, आदेश संकेतस्थळावर आला, तरी त्याची प्रत कारागृहाच्या दारावरील जामीनपेटीत ठरलेल्या वेळेआधी पडणे आवश्यक असे. ती वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने थेट कारागृहांपर्यंत पोहोचवणारी ‘फास्टर’ ही यंत्रणा ३१ मार्च २०२२ रोजी सुरू झाली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने खटला, चौकशी व साक्षीपुरावा यांसह सर्व कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे जी तडजोड साथीपुरती होती, ती आता कायद्याच्या पुस्तकात आली आहे. तारखांसाठी व जामिनाच्या युक्तिवादासाठी ती स्वागतार्ह आहे. परंतु पडद्यावर पुरावा नोंदवण्यापूर्वी प्रत्येक न्यायाधीशाने कारागृहातील आरोपीला एवढे विचारावे, की त्याला वकिलाशी एकट्याने बोलता आले का. आणि राज्य शासनाने प्रत्येक कारागृहातील दृक्‌श्राव्य कक्षाला निदान एक बंद होणारे दार बसवावे.