आधीच 'नाही' म्हणणाऱ्या मुलीस

इंदिरानगर, बंगळूर

चि. मुक्तास,


तुझं पत्र वाचता वाचता चहा पार निवला. निकालाआधीच एकांकिका स्पर्धेतून काढून घेतलीस? परीक्षकांचं काम तूच करून टाकलंस की! वर विचारतेस, "मावशी, नकाराची भीती घालवायची कशी?" अगं, ती जाते कुठे?  

जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न'चं काय झालं ते आठव. (मागे सांगत होते तेव्हा जांभया देत होतीस, म्हणून पुन्हा.) १८५५ साली, तुझ्याच वयाचे असताना, त्यांनी ते नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. गरोदर कुणबिणीला नाडणारा जोशी, आणि शेवटी शिकायला निघालेले नवराबायको. कमिटीने नाकारलं. जोतीराव शरमले का? छे! 'गुलामगिरी'त १८७३ साली लिहिलं, कमिटीतल्या भट सभासदांमुळे हे झालं. राग आला, तो योग्य पत्त्यावर पोचवला. तुला मात्र राग येतो तो स्वतःचाच. नाटक छापून यायला १९७९ उजाडलं. पण नकारानंतर हा माणूस हातावर हात धरून बसला नव्हता. 'शेतकऱ्याचा असूड' तर त्यांनी जुन्नर, ओतूर, हडपसर असा गावोगाव वाचून दाखवला.

माझं पालुपद हेच, तुला ठाऊक आहे. लिहिलेलं मोठ्याने वाचावं, माणसांसमोर. कमिटी नुसतं 'नाही' कळवते. समोर बसलेला माणूस नेमका कुठल्या वाक्याला चुळबुळला, ते डोळ्यांना दिसतं. मग ते वाक्य काढायचं, नाहीतर हट्टाने ठेवायचं.

परवा ट्वेल्थ मेनवरच्या एका कॅफेत एक पोरगा कानडी कविता वाचत होता. ऐकणारे मोजके, तेही अर्धे मोबाइलमध्ये. मध्येच कॉफीचं मशीन फुसफुसलं. गडी थांबला, मशीन गप्प झाल्यावर तीच ओळ पुन्हा म्हणाला, पहिल्यापेक्षा सावकाश. मला कानडी बाजारहाटापुरतं येतं, तरी टाळी मीच आधी वाजवली. (शेजारच्या मुली हसल्या. हसू देत.)

तू उद्यान एक्सप्रेस पकड आणि संहिता घेऊन इकडे ये. आमच्या सोसायटीतल्या बायकांपुढे वाच; त्या तोंडावर बोलतात, पण जेवू घालून. आणि जेवतेस ना वेळेवर? परवा फोनवर आवाज बसलेला वाटला. नोकरीचं पत्रात अवाक्षर नाही. राजीनामा तर देऊन बसली नाहीस? दिला असशील तर ताईला माझ्याकडून कळण्याआधी तूच सांग.

तुझी,
मावशी