सायकलीसाठी टू-स्ट्रोक इंजिन निवडताना

सायकलीवर बसवायचे टू-स्ट्रोक इंजिन खोक्यावर छापलेल्या ‘सीसी’वरून निवडता येत नाही. अमेरिकेत हौशी मंडळी सर्रास वापरतात ते चिनी इंजिन ८० सीसीचे म्हणून विकले जाते. कॅलिफोर्नियातील वास्तव्यात प्रस्तुत लेखकाने असे इंजिन घेतले, तेव्हा आधी हेडचे चारही नट सोडून व्हर्नियर लावला. बोअर ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३८ मिलिमीटर भरला, म्हणजे क्षमता ६६ सीसी. त्याच स्ट्रोकचे, ४० मिलिमीटर बोअरचे धाकटे इंजिन ४८ सीसीचे असते.

हेड उघडलेलेच असते, तेव्हा सिलिंडरमधील पोर्टही पाहून घ्यावेत. पोर्टच्या कडेला ओतकामाची धार राहिली असेल, तर पिस्टनची रिंग तिथे अडकून तुटते. बारीक कानशीने ती कड मारावी लागते. हेड पुन्हा कसल्यावर प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवून क्रँक फिरवला, की पिस्टन तारेचे टोक चेपतो. चेपलेल्या टोकाची जाडी म्हणजे पिस्टन आणि हेड यांच्यातील फट. एवढ्या इंजिनात ती पाऊण ते एक मिलिमीटर असलेली बरी. लेखकाच्या इंजिनात ती दीड मिलिमीटरहून जास्त निघाली. पातळ गास्केट घालताच कमी वेगातला पिकअप सुधारला.

यानंतर पाहायचे ते मिश्रण आत येण्याची वाट. साध्या इंजिनात पिस्टनच या वाटेवरचा पोर्ट उघडतो आणि मिटतो. फेरे कमी असताना आत आलेले थोडे मिश्रण उलटे कार्बोरेटरकडे फेकले जाते. रीड व्हॉल्व्हच्या पातळ पात्या एकाच दिशेने उघडत असल्याने हे उलटे जाणे थांबते. सिग्नलला थांबत-निघत जायचे असेल, तर रीडचे इंजिन घ्यावे.

जोर वाढवण्यात सर्वांत मोठा वाटा सायलेन्सरचा. फुगीर पोटाच्या एक्स्पान्शन पाइपमध्ये धुराचा दाबतरंग मागच्या निमुळत्या भागावर आदळून परततो आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. हा तरंग एक्झॉस्ट पोर्ट मिटण्याआधी पोचला तरच उपयोग. मिनिटाला ७,००० फेरे आणि १६० अंश उघडा राहणारा पोर्ट धरला, तर त्याला जाऊन-येऊन सुमारे ३.८ मिलिसेकंद मिळतात. तापलेल्या धुरात तो सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावतो. म्हणून पाइपची उपयुक्त लांबी ९५ सेंटिमीटरच्या घरात येते. पाइप आखूड केला, की जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकतो आणि खालचा कमी होतो.

हे फेरे रस्त्यावर किती वेग देतील, ते दात्यांवर ठरते. चिनी इंजिनात आतला गिअर ४.१ पट, पुढे १० दाते आणि मागे ४४ दाते असतील, तर एकूण घट १८ पट होते. २६ इंची चाकावर ५,००० फेऱ्यांना ताशी ३४ किलोमीटर, तर ७,००० फेऱ्यांना ४८ किलोमीटर वेग मिळतो. लेखकाने मागे ३६ दात्यांचे स्प्रॉकेट लावून पाहिले. सपाटीवर इंजिन शांत चाले, पण चढाला पॅडल मारावे लागे. याउलट मोरिनी फ्रँको या इटालियन कंपनीची ५० सीसी इंजिने मुलांच्या मोटोक्रॉस गाड्यांसाठी बनलेली. क्षमतेने लहान असून ती चिनी ६६ सीसीपेक्षा कितीतरी जास्त शक्ती देतात. मात्र ती बऱ्याच वरच्या फेऱ्यांवर, त्यामुळे घटही मोठी लागते.

शेवटी सायकलच मर्यादा घालते. १९७२ साली आलेल्या लुना मोपेडलाही पॅडल होते, पण तिची चौकट इंजिनासाठीच आखलेली होती. साध्या सायकलीत आऱ्यांवर रबराने आवळलेले स्प्रॉकेट सैल होते, त्यापेक्षा हबवर बसणारे चांगले. वेग दुप्पट झाला, की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. त्यामुळे निदान पुढे डिस्क ब्रेक हवा.

कायदाही आधी पाहावा. कॅलिफोर्नियात इंजिन बसवलेल्या सायकलीला ४ अश्वशक्तीहून कमी जोर आणि ताशी ३० मैलांची मर्यादा आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चारपेक्षा कमी चाकांच्या, २५ सीसीपर्यंतच्या वाहनाला वगळले आहे. येथे उल्लेखलेले प्रत्येक इंजिन त्या मर्यादेबाहेरचे, म्हणून नोंदणीशिवाय ते महाराष्ट्रातील रस्त्यावर चालवता येणार नाही.