सांखळी आणि सीमा

पांढरकवड्याचें नांव निघालें कीं आम्हांस १७ एप्रिल १८१८ हा दिवस आठवतो. त्या दिवशीं जवळच्या शिवणी गांवीं कर्नल अ‍ॅडम्सनें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची दाणादाण उडविली. ही लढाई आम्हीं वर्गांत पुष्कळ वेळां शिकविली. परंतु तोफेपेक्षां मोजणीदाराची सांखळीच आम्हांस अधिक विचारांत पाडते. त्या युद्धांत मद्रासच्या फौजेचे मार्ग व मुक्काम पाहणारा ब्लॅकर पुढें १८२३ सालीं हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल झाला. लॅम्बटन हाही लष्करी अधिकारीच. १८०२ सालीं मद्रासेस आरंभिलेली मोजणी त्यानें वऱ्हाडापर्यंत आणली, आणि हैदराबादहून नागपुरास जातांना २० जानेवारी १८२३ रोजीं वर्धेपलीकडे हिंगणघाट येथें देह ठेवला. तेव्हां वऱ्हाड निजामाचें होतें. इंग्रजांकडे त्याचा कारभार आला तो १८५३ सालीं. म्हणजे मुलूख हातीं येण्यापूर्वीं तीस वर्षें तो कागदावर आला होता.

लॅम्बटनला पृथ्वीचा आकार जाणावयाचा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण शास्त्राच्या रेषेमागून राज्याची सीमाही चालत येते, तिकडे डोळेझांक करवत नाहीं. येथला प्रत्येक ओढा गोंड-कोलामांस ठाऊक होता. कागद मात्र परक्याच्या हातीं राहिला.

आज तो कागद आपल्या हातीं आहे. तरी दूरदेशच्या नद्या घडाघडा सांगणाऱ्या मुलांस पैनगंगा वर्धेस कोठें मिळते हें विचारावें, तर तीं आईकडे पाहतात. आणि आई आमच्याकडे!