आमचे पोकलेन

प्रौढ गृहस्थांनी खेळण्यातले पोकलेन रंगवीत बसावे, हे पुष्कळांस पोरकट वाटेल. एक-पन्नासांश मापाचे हे यंत्र बाजारातून येते तेव्हा पिवळेधमक असते. पण ते कोणत्याच गावचे नसते. पोकलेन हे मुळात फ्रान्समधील एका कंपनीचे नाव. आपल्या बोलीने ते त्या साऱ्या जातीला देऊन घरचे केले. भाषेने नावाचे जे केले, तेच आम्ही यंत्राचे करतो.

बुलढाणा जिल्ह्यात २०१८ साली भारतीय जैन संघटनेने तलावांतील गाळ उपसण्यास शंभराहून अधिक जेसीबी व पोकलेन लावले. गाळ शेतांत गेला, तलावांत पाण्यास जागा झाली. तीच काळी माती आम्ही आमच्या यंत्राच्या चेनवर बसवितो. मात्र या मापात एक मिलिमीटरचा कण पाच सेंटिमीटरांचा खडा ठरतो. म्हणून माती वस्त्रगाळ करावी लागते.

नवशिके सरसकट गंज चढवितात. वस्तुतः बकेटचे दात घासून लखलखीत होतात. आणि पिस्टनचा दांडा गंजला, तर ऑइल सील फाटून तेल गळू लागेल. कोठे मळवू नये, हे कामावरच्या ऑपरेटरजवळ घटकाभर बसल्यावाचून कळत नाही.

रस्त्याने जाणारा ज्याच्या धुळीने नाक दाबतो, त्या यंत्राचा सांधा न् सांधा या छंदाने आम्हांस ओळखीचा झाला. दुष्काळी मुलखात पाणी साठते ते कोणाच्या श्रमाने, हेही त्यानेच शिकविले.